उरलेली मॅच

कुबडी घेऊन आलेल्या त्या माणसानं ती लॉन्ड्रीच्या काउंटरला टेकवली. ती घसरली. त्यानं ती पुन्हा टेकवली, दोन्ही तळवे लाकडावर ठेवले आणि एका पायावर तोल सांभाळत तो नुसताच उभा राहिला. लॉन्ड्रीवाली एका शर्टाची कॉलर दाबत होती. नजर न उचलताच तिनं डावा हात पुढे केला. गिऱ्हाईक आलं की हात पुढे करायचा आणि त्यात गाठोडं पडायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यासाठी तिला बघावं लागत नसे. आज मात्र हात रिकामाच राहिला.

"कपडे?" तिनं विचारलं.

"कपडे नाहीत. मला पुढचं ऐकायचंय."

"कशाचं पुढचं?"

"मॅचचं," तो म्हणाला. "दोन-दोन झाले होते. वेळ संपत आली होती. उजवीकडून तुमच्या त्या जाड्यानं चेंडू आत मारला आणि नाकतोडा धावत निघाला. इथपर्यंत मला ठाऊक आहे. मग काय झालं?"

तिनं इस्त्री उचलून बाजूच्या लोखंडी तुकड्यावर ठेवली. 'नाकतोडा' हे नाव त्या दुकानात कुणी घ्यायचं नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेजारचा किराणावालासुद्धा तिच्यासमोर फुटबॉलचा विषय निघाला की हवापाण्याकडे वळायचा.

"दुकान बंद आहे," ती म्हणाली.

भर दुपार होती, दोन्ही दारं सताड उघडी होती, आणि मागच्या भट्टीवर पाणी खदखदत होतं. त्या माणसानं हे सगळं एकवार नीट बघून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या येतो." आणि कुबडी काखेत घेऊन तो पायरी उतरला.

नाकतोडा तिचा भाऊ. आईबाप लागोपाठ गेले तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता आणि ही नुकतीच मोठी झाली होती. बापामागे दुकान आलं, दुकानाबरोबर भाऊ आला. तिनं दोघांना एकाच हातानं सांभाळलं. पोरगं अंगानं काडी, पण पाय असे लांब की अंगाशी त्यांचं काही नातंच लागू नये. साबणाच्या पाण्याच्या टबांवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत जायचा आणि मधल्या एखाद्या टबात हमखास पडायचा. गल्लीनं त्याचं नाव नाकतोडा ठेवलं. पुढे गावच्या क्लबानं त्याला खेळायला घेतलं, तेव्हा मैदानावरची माणसंही त्याला त्याच नावानं हाका मारू लागली. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

क्लबाच्या जर्स्या धुवायला तिच्याकडेच येत. मॅचच्या दिवशी दुकानाला गर्दी असायची, त्यामुळे भावाचा खेळ तिनं बघितला तो डागांवरून. डाव्या खांद्यावर चुन्याची रेघ म्हणजे कोपऱ्यात कुणीतरी ढकललंय. पाठभर गवताचा हिरवा म्हणजे आज स्वारी घसरत फार गेली. एकदा छातीवर भलत्याच माणसाच्या डोक्यावरच्या तेलाचा डाग होता. हा कुणाच्या गळ्यात पडला होता, हे तिनं डोकी आठवून बरोबर ओळखलं. "तायडे, तू पोलिसात जा," तो म्हणाला होता.

मग कपची अंतिम मॅच गावात आली. समोर राजधानीचा संघ. त्या एका दिवशी तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि आयुष्यातली पहिली मॅच डोळ्यांनी बघितली.

आणि मग लढाई सुरू झाली.

सैन्यात गेल्यावर साहेबांना कळलं की हा नुसता जवान नाही, पायांत जादू असलेला जवान आहे. त्यांनी त्याला सैन्याच्या संघात घेतलं. आघाडीपासून दूर, मोठ्या शहरांत मॅची व्हायच्या. खायला पोटभर आणि झोपायला गादी. तिचा जीव भांड्यात पडला. लोक विचारायचे, भाऊ कुठे असतो? ती सांगायची, खेळतोय. हे सांगताना तिला थोडी लाज वाटायची आणि पुष्कळ बरं वाटायचं.

पुढच्या सुटीत तो घरी आला तेव्हा दोघं एका चादरीची घडी घालत होती. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. तेव्हा त्यानं सांगितलं की त्यानं संघातून नाव काढून घेतलंय आणि वर डोंगरावर स्ट्रेचर उचलायचं काम मागून घेतलंय. तिच्या हातातलं टोक सुटलं. धुतलेली चादर जमिनीवर लोळली आणि ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

"वर माणसं पडून राहतात, तायडे," तो म्हणाला. "गाडी जात नाही. खाली आणायला पाय लागतात. माझ्याकडे आहेत."

"पाय तुला खेळायला दिलेत."

"मग वरही धावणारच आहे ना?"

यावर ती जे गप्प झाली ती झालीच. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनवर गेली, त्याच्या हातात डबा दिला, गाडी हलली तेव्हा हातही हलवला. पण तोंडातून शब्द काढला नाही. पावसाळा उलटला आणि तार आली.

गाव रडलं. क्लबानं मैदानाच्या फाटकापाशी दगड बसवायचं ठरवलं. त्यानं एकट्यानं शत्रूची तोफ कशी बंद पाडली, याच्या गोष्टी चहाच्या दुकानात रंगू लागल्या आणि दर आठवड्याला एकेक तोफ वाढू लागली. ती कशातच पडली नाही. क्लबाच्या जर्स्या आल्या, ते गाठोडं तिनं न सोडताच परत पाठवलं. तिच्या मनात दुःखापेक्षा राग मोठा होता, आणि तो कुणावर काढावा हेच तिला उमजत नव्हतं. साहेबांवर काढावा, तर त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. शत्रूवर काढावा, तर तो कुणी बघितलाय? राहता राहिला एकच माणूस, आणि तो ऐकायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुबडीवाला खरंच आला. या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आणखी एक माणूस आला होता, भरदार अंगाचा, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला. कुबडीवाल्यानं ओळख करून दिली: आपण पेशानं घड्याळजी, आणि हा लढाईआधी ट्रक चालवायचा. ड्रायव्हरनं हवेत हात जोडले, ते कपड्यांच्या कपाटाच्या दिशेनं.

"आम्हाला हाकलू नका, ताई," तो म्हणाला. "मी तर अजून दोन-शून्यानं हरतोय."

ती इच्छा नसतानाही थांबली. तिनं आतून दोन स्टुलं आणली.

घड्याळजीनं सांगितलं ते असं. डोंगरावरून खालच्या तंबूपर्यंतची वाट म्हणजे नुसता उतार, दगड आणि चिखल. दोन माणसं स्ट्रेचर धरायची. पुढच्या टोकाला नाकतोडा असायचा, पाठ जखमी माणसाकडे आणि तोंड रस्त्याकडे. जखमी माणसाला झोप येते, आणि ती झोप चांगली नसते. मागचा गडी नवशिका असला की घाबरून गप्प व्हायचा. पण नाकतोडा पहिल्या पावलापासून बोलायला लागायचा. मॅच सांगायचा. तीच मॅच, पहिल्या शिट्टीपासून. ऊन कुठून येत होतं, राजधानीवाल्यांच्या जर्स्या किती कोऱ्या होत्या, आपला गोलकीपर सकाळपासून कसा शिंकत होता, सगळं. मध्येच विचारायचा, "ऐकतोयस ना? सांग बरं, चेंडू कुणाकडे होता?" उत्तर द्यावंच लागायचं. चुकलं तर तो मागे जाऊन सगळं पुन्हा सांगायचा.

"मला तर मरायला सवडच मिळाली नाही," घड्याळजी म्हणाला.

आणि तंबू आला की तो थांबायचा. मॅच कुठेही असो, अगदी चेंडू हवेत असला तरी. स्ट्रेचरवरची माणसं हातापाया पडायची, शिव्या द्यायची. तो स्ट्रेचर खाली ठेवायचा, पाठ सरळ करायचा आणि म्हणायचा, उरलेली मॅच आमच्या गावी येऊन ऐक. माझी बहीण सांगेल. तिनं बघितलीय.

"असं म्हणाला?" तिनं विचारलं.

"प्रत्येकाला. मला वाटलं, हा माणूस चांगलाच हलकट आहे. पुढे इस्पितळात कळलं की तिथल्या अर्ध्या खाटांवर अर्धवट मॅच घेऊन पडलेली माणसं आहेत. कुणाची पहिल्या गोलपाशी अडकलेली, कुणाची हाफटाइमला. मी सगळ्यात लांबच्या चौकीवरून आलो, म्हणून मला सगळ्यात जास्त मिळाली."

"मग याला तुम्हीच सांगायची होती."

"सांगितली नाही," ड्रायव्हर तक्रारीच्या सुरात म्हणाला. "म्हणतो, रांगेत उभा राहा."

"कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पेपरात आलं होतं."

"एकजण सांगायला आला होता," ड्रायव्हर म्हणाला. "मी कानांत बोटं घातली. इथंच ऐकीन, असा त्याला शब्द दिला होता ना."

ती बराच वेळ एका बाहीची चुणी अंगठ्यानं सपाट करत राहिली. मग तिनं जे आजवर कुणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं: तो गेला कसा?

घड्याळजीनं आडपडदा ठेवला नाही. त्या सकाळी नाकतोड्यानं एका माणसाला खाली आणलं होतं. जबड्याला लागलेला माणूस होता. त्याला तंबूत ठेवून, पाणी पिऊन तो पुन्हा वर निघाला. स्ट्रेचर रिकामं होतं. चढावर तोफगोळा पडला. मागच्या गड्याला थोडं लागलं; नाकतोडा जागच्या जागी गेला. तोफ वगैरे त्यानं बंद पाडली नव्हती. त्याच्याकडे बंदूकच नसायची.

"तो जबडेवाला?" तिनं विचारलं.

"आहे. येणारेय. आम्ही पुष्कळ आहोत, ताई. रविवारी सगळे येतायत. तुम्ही नको म्हणालात तर खानावळीत जेवतील आणि परत जातील."

तिनं इस्त्री हातात घेतली. निखारे विझत आले होते. तिनं ती पुन्हा खाली ठेवली.

"इथं दुकानात कशी सांगू?" ती म्हणाली. "जागा दाखवावी लागते. मैदानावर या."

रविवारी दुपारी ती मैदानाच्या फाटकाशी पोचली तेव्हा ते आधीच येऊन उभे होते. तिला वाटलं होतं पाच-सहा असतील. फाटकापासून पार कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत माणसं होती. कुणाच्या कोटाची बाही खिशात खोचलेली, कुणी दोन काठ्यांवर, कुणी बायकोच्या आधारानं. दाढीकटिंग करून, धुवट शर्ट घालून सगळे आले होते. लग्नाला आल्यासारखे. शर्टांच्या इस्त्र्या बेताच्याच होत्या, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

हंगाम संपला होता. मैदान रिकामं होतं. फक्त एका बाजूच्या बाकांवर कप्तान हातोडी घेऊन बसला होता. तो पेशानं सुतार, क्लबाचा जुना कप्तान. गुडघे गेल्यावर खेळ सुटला होता, तरी क्लबाची लाकडं तोच दुरुस्त करायचा. एवढी माणसं आत शिरताना बघून त्यानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

कप्तान इथं असेल, हे तिनं धरलंच नव्हतं. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. ती मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिच्याभोवती माणसांचं कडं झालं.

"मला खेळातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी फक्त त्याच्याकडे बघत होते. बाकीचे कुठे होते ते मला विचारू नका. तो कुठे होता ते सांगते."

आणि तिनं सुरुवात केली. तो इथं उभा होता, या चुन्याच्या रेघेवर, आणि पायमोजा वर ओढत होता. शिट्टी झाली. तो असा निघाला. ती चालू लागली आणि ती सगळी माणसं तिच्यामागे चालू लागली, काठ्या, कुबड्या, एकमेकांचे खांदे धरत. ड्रायव्हरच्या कानाशी घड्याळजी सांगत होता, आता आपण डावीकडे वळलो. "ठाऊक आहे," ड्रायव्हर म्हणाला. "इथं उतार आहे. चेंडू इथं आपोआप बाहेरच्या बाजूला जातो." तिनं चकित होऊन पायाखाली बघितलं. खरंच उतार होता.

राजधानीचा पहिला गोल बसला तेव्हा तो कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होता. दुसरा बसला तेव्हा खाली. हाफटाइमला त्यानं बाकांकडे येऊन पाणी मागितलं, एक घोट प्यायला आणि उरलेलं स्वतःच्या डोक्यावर ओतलं. इथं पोचल्यावर कड्यातली काही माणसं आपोआप थांबली. त्यांची मॅच इथंच संपली होती. इथून पुढे एक पाऊलही त्यांना ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरनं घड्याळजीचा खांदा घट्ट धरला.

"चला," तो म्हणाला.

हाफटाइमनंतर तिचा आवाज मोकळा झाला. ती भराभर चालू लागली आणि मागून काठ्यांचा टकटकाट वाढला. कॉर्नर आला. तो गर्दीत घुसला, चिखलात बसकण मारली, आणि बसल्या बसल्या चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. एवढ्यात जबड्याला पट्टा बांधलेला एक तरुण माणूस पुढे झाला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. त्यानं तिला हातानं थांबवलं, स्वतःच्या पार्श्वभागावर थाप मारली आणि कापड टरकन फाटल्याची खूण केली.

"हो," ती म्हणाली. "चड्डी फाटली. सगळ्या गावानं बघितली. मीच शिवली नंतर."

माणसं हसली. तो जबडेवाला डोळ्यांनीच हसला आणि हाताच्या खुणेनं म्हणाला, माझी इथपर्यंतच. नाकतोड्यानं खाली आणलेला शेवटचा माणूस तोच. तिनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं, मग त्याच्या कोटाची उलटी दुमडलेली कॉलर सरळ केली आणि पुढे निघाली.

आपला दुसरा गोल जाड्यानं केला, लांबून. त्या वेळी नाकतोडा भलतीकडेच होता आणि तरी सगळ्यात जास्त नाचला. दोन-दोन. आणि मग ती उजव्या बाजूच्या गोलकडे येऊ लागली तशी तिची चाल मंदावली. कप्तान बाकावरून उठून रेघेपर्यंत आला होता. हातोडी त्याच्या हातातच होती.

इथं काय झालं होतं ते साऱ्या गावाला पाठ होतं. जाड्यानं चेंडू आत मारला, नाकतोडा पळत आला, गोल त्याच्यासमोर उघडा होता आणि तो हुकला. चेंडू त्याच्या पायांमधून मागे गेला, मागून कप्तान आला आणि त्यानं तो जाळ्यात ठोकला. गाव त्या हुकण्यावर आठवडाभर हसलं होतं. 'हुकला म्हणून जिंकलो,' असं पेपरवाल्यानंही लिहिलं. नाकतोडा स्वतः सगळ्यांत मोठ्यांदा हसायचा.

कप्तानासाठी तो हंगाम वाईट गेला होता. त्याला एकही गोल जमला नव्हता आणि बाकांवरून लोक ओरडायचे, म्हातारा बैल सोडून द्या. ती त्याची शेवटची मॅच. त्या एका गोलवर तो गावातून ताठ मानेनं चालला होता, अजूनही चालत होता.

आणि तिनं त्या संध्याकाळी घरी भावाला सहज विचारलं होतं, तुझे हात आधीच कसे वर गेले? त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं होतं. मग म्हणाला होता, "सगळं गाव चेंडूकडे बघत होतं आणि तू माझ्याकडे बघत होतीस?" आणि थोड्या वेळानं, जेवता जेवता, "तुझ्यापाशीच ठेव."

तिनं ते ठेवलं होतं. पण मग त्यानंच या एवढ्या माणसांना, एकेकाला उचलून खाली आणताना, कुणाकडे पाठवलं होतं? ती गोलसमोर थांबली. घड्याळजी तिच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला, जणू त्याच्या चेंडूचा हवेतला प्रवास आता संपणार होता.

"तो तिथून धावत आला," ती म्हणाली, आणि तिची नजर कप्तानावर होती. "निघायच्या आधी त्यानं एकदा मान वळवून मागे बघितलं. मग धावला. राजधानीवाले सगळे त्याच्यावर धावले. इथं, या जागी, चेंडू त्याच्यापाशी आला."

"आणि त्यानं मारला," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही. त्यानं पायच लावला नाही. त्यानं उडी मारली. चेंडू खालून जाऊ दिला."



"हुकला होता तो," कप्तान रेघेवरून म्हणाला. "मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, ऊन डोळ्यांत गेलं."

"ऊन पाठीमागे होतं, कप्तान," ती म्हणाली. "बघा ना. आत्ताही पाठीमागेच आहे. तुमचा पाय चेंडूला लागायच्या आधी त्याचे दोन्ही हात वर गेले होते. तुमच्याकडे पाठ होती त्याची, तरी. तुम्ही मारणारच, हे त्याला ठाऊक होतं."

कप्तानानं खाली बघितलं. हातातले खिळे त्यानं एकेक करून खिशात टाकले. मग तो रेघ ओलांडून आत आला, दुखऱ्या गुडघ्यांनी, गोलपासून काही पावलांवर थांबला आणि त्यानं टाचेनं जमीन चाचपली.

"इथं होतो मी," तो म्हणाला. "एवढी मोकळी जागा आयुष्यात कधी मिळाली नव्हती मला. सगळी माणसं गेली कुठे, असं वाटलं होतं." त्यानं गोलकडे बोट केलं. "उजव्या पायानं मारला. वरच्या कोपऱ्यात."

"आत गेला?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गेला," कप्तान म्हणाला. "जाळं असं मागे गेलं."

आणि मग एवढे दिवस त्या सगळ्या माणसांच्या आत अडकून बसलेलं जे काही होतं, ते बाहेर पडलं. पहिली आरोळी घड्याळजीनं ठोकली, कुबडी डोक्यावर धरून, एका पायावर. पडला असता, पण दोघांनी धरला. मग सगळेच ओरडले. ज्यांना हात होते त्यांनी हात वर केले, ज्यांना एकच होता त्यांनी एक. बायका ओरडल्या. ड्रायव्हरनं समोर सापडेल त्याला मिठी मारली. तो कप्तान निघाला आणि कप्तानानं त्याला जमिनीवरून उचलला. तो जबडेवाला तोंड मिटून, घशातून, लांबच लांब एक सूर काढत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी पट्ट्यावर उतरत होतं. लॉन्ड्रीवाली मधोमध उभी होती. आपलेही हात वर गेलेत, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

रिकाम्या बाकांवर तो आवाज आदळून परत आला. रस्त्यावरची दोन-चार माणसं फाटकातून डोकावली. मैदानाचा माळी जेवणावरून उठून, हात न धुताच, पळत आला. नुकतीच पेरलेली हिरवळ, आणि तिच्यावर ही गर्दी. काठ्यांनी जागोजाग भोकं पडली होती. तो तिच्यापाशी येऊन धापा टाकत थांबला.

"अहो, हे काय चाललंय?" तो म्हणाला. "आज मॅच नाहीये."

"होती," ती म्हणाली. "आत्ताच संपली. जिंकलो आपण."